अंदमानला निघण्याआधी : सांगलीची सहा माणसं आणि शेवटच्या दिवसाचा घोळ

कृष्णाकाठची · ३ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत अंदमानला निघालोय. आम्ही दोघं, मुलगा (१४), मुलगी (८), सासरे (७३, बीपी) आणि सासूबाई (६८, गुडघे). गणपतीपुळ्याच्या पुढचा समुद्र आमच्यात कुणीच बघितलेला नाही. सासऱ्यांना सेल्युलर जेल बघायचाय, बाकीचं राहिलं तरी चालेल म्हणतात. मुलाला स्कूबा करायचंय. सासूबाईंचा एकच प्रश्न आहे, तिथं चपाती मिळती का.

टूरवाल्यानं आखून दिलंय ते असं : मिरजेतून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बंगळुरू, तिथून विमान. २१ डिसेंबरला पोर्ट ब्लेअर, संध्याकाळी जेल. २२ ला बाराटांग. २३ ला नील बेट. २४ आणि २५ हॅवलॉक बेट. २६ ला सकाळी साडेसहाला स्कूबा, दहाच्या बोटीनं परत पोर्ट ब्लेअर आणि दुपारी अडीचचं विमान.

विमानाची तिकिटं काढलीत, बोटीची अजून नाहीत. मी आपली यादी करायला बसले तर वहीची दोन पानं भरली. टोप्या, छत्र्या, गोळ्या, भडंग चार किलो, दोन चटण्या, सासूबाईंचा गुडघ्याचा पट्टा. दीर म्हणतात एवढं काही लागत नाही, गोव्यासारखंच असतंय. खरंच गोव्यासारखंच असतंय का?

गणपतीपेठकर

अजिबात नसतंय. गोव्यात एक गाडी चुकली तर मागनं दुसरी येती. तिकडं बोट चुकली की दिवस गेला, तिकिटाचे पैसे गेले आणि पुढच्या हॉटेलचेही. भडंग मात्र चार किलो कमी आहे, सहा न्या. चेष्टा करत नाही.

माजी_नौसैनिक_सातारा

ताई, यादी बाजूला ठेवा. आधी २६ तारीख मोडा.

दोन कारणं. पहिलं, स्कूबा. पाण्याखाली दाबाची हवा घेताना त्यातला नायट्रोजन अंगात मुरतो आणि वर आल्यावर सावकाश बाहेर पडतो. तो पडायच्या आत विमानात बसलात तर तिथं दाब कमी, मग सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसं होतं, फक्त बुडबुडे रक्तात आणि सांध्यात. एका बुडीनंतर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त असतील तर १८, आणि शहाणा डाइव्हवाला सरळ २४ सांगतो. तुमच्याकडं आठ आहेत.

दुसरं, बोट. डिसेंबर म्हणजे ईशान्य मान्सूनची शेपटी. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की बंदर खातं बोटी थांबवतं. ऊन पडलेलं असतं, किनाऱ्यावर सगळं छान दिसतं, आणि तरी बोट नाही. २०१६ च्या डिसेंबरात वादळी हवेनं हॅवलॉक आणि नीलवर शेकडो पर्यटक अडकले होते, नौदलाची जहाजं पाठवून त्यांना आणावं लागलं. म्हणून आमच्याकडं नियमच आहे : परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढायची.

कृष्णाकाठची

बापरे. टूरवाल्याला आत्ताच फोन केला. तो म्हणतो, "मॅडम, सगळे असंच करतात."

माजी_नौसैनिक_सातारा

करतात, आणि बहुतेकांचं निभावतंही. ज्यांचं निभावत नाही ते त्याच्याकडं परत तिकीट काढायला येत नाहीत, म्हणून त्याला माहीत नसतं.

असं फिरवा : २१ पोर्ट ब्लेअर, २२ हॅवलॉक, २३ स्कूबा, २४ नील, २५ ला सकाळच्या बोटीनं पोर्ट ब्लेअर, २६ विमान. बाराटांग काढून टाका.

गणपतीपेठकर

बाराटांग का काढायचं? चुनखडीच्या गुहा आहेत, चिखलाचा ज्वालामुखी आहे. एवढ्या लांब जाऊन?

माजी_नौसैनिक_सातारा

गुहा चांगल्या आहेत, नाही म्हणत नाही. पण पहाटे तीन-चारला उठायचं, जिरकाटांगच्या फाटकावर गाड्यांच्या रांगेत थांबायचं, मग जंगलातून ताफ्यानं जायचं, पुढं होडी, पुढं चालणं. गुडघेदुखीच्या माणसाला दिवसभराची शिक्षा. शिवाय तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथं गाडी थांबवणं, फोटो काढणं, बिस्किटं देणं हा १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमाखाली गुन्हा आहे, तुरुंगवास होऊ शकतो. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी ताफ्यातली निम्मी माणसं गुहा बघायला नव्हे, काचेला नाक लावून माणसं बघायला आलेली असतात. मी तिकडं तीन वर्षं नोकरी केली. ते बघून मला तरी बरं वाटलं नाही. बाकी तुमची मर्जी.

कृष्णाकाठची

काढलं बाराटांग. सासूबाईंनी न विचारताच हात वर केला.

कराडची_लेक

आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. सगळ्यात मोठी चूक घड्याळाची झाली. घड्याळ आपलंच, भारतीय प्रमाणवेळ, पण सूर्य त्यांचा. सांगलीचा रेखांश साधारण ७४.६, पोर्ट ब्लेअरचा ९२.७. अठरा अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणजे ७२ मिनिटं. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि सहाला मिट्ट काळोख. आम्ही पहिल्या दिवशी जेवून झोपलो, चारला उठलो, चहा घेऊन बीचवर पोचलो तर लोक परत निघालेले.

त्यामुळं घरापासूनच सवय करा. निघायच्या आठवड्यात मुलांना साडेनऊला झोपवा आणि पाचला उठवा. तिथं साडेपाच-पावणेसहाला उजाडतं, समुद्र शांत असतो, ऊन कोवळं असतं. जे काही पाण्यातलं आहे ते सकाळी उरका. हॅवलॉकचा राधानगर बीच मात्र सूर्यास्ताला, आणि तिथं साडेतीनलाच पोचलेलं बरं.

नावांचाही गोंधळ होतो. हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, ही नावं २०१८ पासूनची. पोर्ट ब्लेअरचं २०२४ ला श्री विजयपुरम झालं. तिकिटावर एक, हॉटेलच्या पावतीवर दुसरं, रिक्षावाल्याच्या तोंडी तिसरंच. आमच्या मामांना वाटलं आपल्याला भलत्याच बेटाचं तिकीट दिलंय.

गणपतीपेठकर

७२ मिनिटं हे भारीय. म्हणजे आपल्याकडं लोक अंथरुणात असतात तेव्हा तिकडं पोहून झालेलं असतं.

डॉ_विश्रामबाग

धागा आत्ता बघितला. औषधांचं थोडं लिहितो.

सासऱ्यांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत नको. मुक्कामापेक्षा चार दिवसांच्या जास्तीच्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. बीपीच्या बऱ्याच गोळ्यांत लघवीचं औषध मिसळलेलं असतं. उन्हात घाम, बोटीत उलट्या आणि वर ती गोळी, असा योग आला की वयस्क माणूस पटकन उभा राहताना चक्कर येऊन पडतो. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना एवढंच विचारा की उलट्या-जुलाब झाले तर त्या दिवशी काय करायचं, आणि उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. ओआरएसची दहा पाकिटं घ्या.

बोट लागते त्यावर अॅव्होमिन चालते, पण बोटीत बसायच्या तासभर आधी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबरच बाहेर. झोप येते, त्यामुळं आजोबांना जेट्टीवर उतरताना हात द्या. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर न विचारता देऊ नका.

प्रवाळावर खरचटलं तर "एवढंसं तर आहे" म्हणून सोडू नका. बारीक कण आत राहतात आणि जखम चिघळते. स्वच्छ पाण्यानं भरपूर धुवा, कण काढा, जंतुनाशक लावा. धनुर्वाताचं इंजेक्शन बऱ्याच वर्षांत घेतलं नसेल तर घेऊन जा. संध्याकाळी वाळूत बारीक माश्या चावतात, डासांपेक्षा जास्त खाजतं. पूर्ण पायाची पातळ पॅण्ट न्या आणि ओडोमॉस घोट्यापर्यंत लावा.

आलेपाक

डॉक्टरसाहेबांना अनुमोदन, पण आमचं घराणं अॅव्होमिनच्या आधीचं आहे. सातारी आल्याचा आलेपाक, बोट सुटायच्या आधी एक वडी आणि मधे एक. आणि बसायची जागा! पुढच्या टोकाला खिडकी बघून पळू नका, तिथं बोट सगळ्यात जास्त उचलते-आपटते. मधे किंवा मागं, खालच्या मजल्यावर. मोबाइलमध्ये डोकं घालायचं नाही, लांब क्षितिजाकडं बघायचं. रिकाम्या पोटी बसायचं नाही आणि मिसळ चापूनही नाही. आमच्यातल्या एकानं दुसरं केलं. पुढचं लिहीत नाही, लोक जेवत असतील.

बुडी_मारणारा

स्कूबाबद्दल. मुलगा १४ म्हणजे चालतं, मुलगी ८ म्हणजे नाही, दहाच्या आत सहसा घेत नाहीत. तिला स्नॉर्कलिंग (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघायचं) किंवा काचेच्या तळाची होडी. आत्ताच सांगा तिला, तिथं गेल्यावर भोकाड पसरण्यापेक्षा.

पहिल्या बुडीला पोहता यायलाच हवं असं नाही, सोबत प्रशिक्षक धरून असतो. पण सर्दी असेल तर कानातला दाब सुटत नाही, आणि कानाचा पडदा ही परत मिळणारी वस्तू नव्हे. त्यामुळं निघायच्या आठवड्यात मुलाला आइस्क्रीमपासून लांब ठेवा. (डॉक्टर हसतील, पण माझी आई हेच म्हणायची.) तिथं एक फॉर्म भरून घेतात : दमा, हृदय, फिट, कानाचं ऑपरेशन. त्यात खरं लिहा. बरेच बाप "नाही, नाही, नाही" अशी खूण करत सुटतात, पैसे भरलेत म्हणून.

माजी_नौसैनिक_सातारा

पोहण्यावरून एक. आपल्याकडची मुलं कृष्णेत पोहलेली असतात, आयर्विन पुलावरून उड्या मारलेली असतात. त्यांचीच मला जास्त भीती वाटते. नदीत ओढ एकाच दिशेला असते, ती कळते. समुद्रात परतणारं पाणी एखाद्या पट्ट्यात आत खेचून नेतं, आणि पट्टीचा पोहणारा किनाऱ्याकडं तोंड करून त्याच्याशी झटत राहतो, दमतो आणि संपतो. त्यातून सुटायचं तर किनाऱ्याला समांतर पोहायचं, पट्टा संपला की मग आत वळायचं. लाल बावटा किंवा मगरीची पाटी दिसली तर पाण्यात पाय घालायचा नाही. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि पाट्या शोभेला लावलेल्या नाहीत.

राजापूरचं_माहेर

नीलला दगडाची नैसर्गिक कमान आहे, ती ओहोटीलाच नीट बघता येते. भरतीची वेळ काढायची सोपी रीत सांगते. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. अष्टमीला सहा वाजता भरती, मग सव्वासहा तासांनी ओहोटी. कालनिर्णय बघून जा, कुणाला विचारायला नको.

माजी_नौसैनिक_सातारा

रीत खरी आहे, पण कोकणच्या किनाऱ्यापुरती. प्रत्येक बंदराची भरतीची वेळ वेगळी असते, पोर्ट ब्लेअरला हे गणित लावलं तर कमान पाण्यात दिसेल. कालनिर्णयाचा एक उपयोग मात्र तिथंही आहे : अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे ओहोटीही खोल, तेव्हा कमानीपर्यंत चांगलं चालत जाता येतं. नक्की वेळ आदल्या दिवशी तिथल्या हॉटेलवाल्याला विचारा. आणि तिथं स्लिपर घालून जाऊ नका. खडकावर शेवाळ असतं, मागं पट्टा असलेली सॅण्डल हवी.

राजापूरचं_माहेर

बरं झालं सांगितलंत. माहेरचा समुद्र सगळीकडं चालत नाही म्हणायचा.

कृष्णाकाठची · ९ नोव्हेंबर

बोटीची तिकिटं काढली, तुम्ही सांगितलेल्या क्रमानं. आता बॅगेचं बोलू का?

कराडची_लेक

बोला की. मी आधी काय नको ते सांगते. पाणी पिऊन फेकायच्या बाटल्या नकोत, एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आहे, घरच्या स्टीलच्या बाटल्या न्या. छत्र्या नकोत, वाऱ्यात उलट्या होतात, बटणाचे रेनकोट न्या. जीन्स नको, एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही, आणि ओली जीन्स घालून बोटीत बसणं काय असतं ते मी सांगायला नको. बोटीतही सामानाला वजनाची मर्यादा असते.

पॉवर बँक हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत चालत नाही. आणि ताई, त्या दोन चटण्यांतली एक खोबऱ्याची आहे का? सुकं खोबरं विमानात नेऊ देत नाहीत, त्यात तेल असतं आणि ते पेट घेतं म्हणून. आमच्या आत्यानं अख्ख्या वाट्या घेतल्या होत्या, काउंटरवर बॅग उघडून काढायला लावल्या. अर्धा तास आत्या त्या माणसाला समजावत होती की या वाट्या पूजेच्या आहेत. शेंगदाण्याची न्या, मोठ्या बॅगेत, दोन पिशव्या घालून.

गणपतीपेठकर

रोख पैसे न्या. हॅवलॉक-नीलला एटीएम मोजकी, नाताळात गर्दी, आणि नेट गेलं की यूपीआय गेलं. समुद्राखालची केबल २०२० ला आली, तेव्हापासून खूप सुधारलंय, पण सांगलीसारखं समजू नका. आधार कार्ड मूळ न्या, मुलांचंसुद्धा, बोटीतही बघतात. प्रत सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि एक संच प्लास्टिकच्या पिशवीत. २०१९ च्या पुरात कागद वाळवत बसलेल्या सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको.

बोटीची पाटी नीट वाचा. सरकारी बोट फिनिक्स बेहून सुटते, खासगी बहुतेक हॅडोहून. आम्ही एकदा चुकीच्या जेट्टीवर वीस मिनिटं आरामात चहा पीत होतो.

आलेपाक

येताना शंखशिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नका. मेलेला, पांढरा पडलेला तुकडासुद्धा नाही. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं तेच संरक्षण आहे जे वाघाला. विमानतळावर बॅग स्कॅनमधून जाते. आमच्या पुतण्याच्या खिशात तीन तुकडे निघाले, त्याला वाटलं खडू आहेत. काढून घेतले, दम दिला, सोडलं. पण तेवढ्यात वहिनींचा बीपी डॉक्टरसाहेबांच्या धाग्याएवढा झाला. शंख हवाच असेल तर सरकारी एम्पोरियममधून, आणि पावती जपून.

मिरजेचा_तंबोरा

आगाऊ प्रश्न. एवढी भानगड असेल तर लक्षद्वीप का नाही? जवळ आहे, कोचीहून तासा-दीड तासात.

माजी_नौसैनिक_सातारा

लक्षद्वीपला आपल्यालाही प्रवेशाचा परवाना लागतो. अंदमानच्या नेहमीच्या बेटांना भारतीयांना लागत नाही. नाताळाला दीड महिना राहिलाय, सहा जणांचं ते आत्ता सुरू करणं म्हणजे लग्न ठरल्यावर मुलगी बघायला जाणं. स्वतंत्र धागा काढा, लिहितो.

मिरजेचा_तंबोरा

काढतो.

डॉ_विश्रामबाग

सासरेबुवांच्या जेलबद्दल कुणी बोललंच नाही. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, जिना चढावा लागतो. बीपी असला तरी हळूहळू चढता येईल, पण दुपारच्या उन्हात नको. विमानातून उतरल्या उतरल्या तर नकोच, रात्रभर रेल्वे आणि पहाटेचं विमान झालेलं असेल. त्यांच्यासाठीच जाताय तर त्यांना ताज्या अंगानं न्या.

कृष्णाकाठची

हे पटलं. २५ ला दुपारनंतर ठेवते. प्रकाश-ध्वनीचा हिंदी खेळही त्याच संध्याकाळी घेते.

कृष्णाकाठची · ३० डिसेंबर

आलो परत. सगळे धड आहेत.

२५ ला नीलहून सकाळची बोट रद्द झाली. आकाश निळंशार, वारा जेमतेम, आणि खिडकीवरचा माणूस म्हणतो आज नाही, दुपारी बघू. जेट्टीवर पाच तास बसून होतो. आमच्या शेजारी एक जोडपं होतं, त्यांचं त्याच दुपारचं विमान. ती मुलगी रडत होती आणि नवरा फोनवर ओरडत होता. मी गप्प बसले, पण मनात नौसैनिक काकांना नमस्कार घातला. बोट दुपारी सुटली, आम्ही अंधार पडता पडता पोचलो. जेल त्या दिवशी गेला, खेळही गेला. २६ ला विमान अडीचचं, म्हणून सकाळी उघडल्या उघडल्या गेलो.

सासूबाई खाली बाकावर बसल्या. सासरे तीन वेळा थांबत वर गेले, कोठडीत एकटेच दोन मिनिटं उभे राहिले, काही बोलले नाहीत. मग मधल्या मनोऱ्याखाली कैद्यांची नावं कोरलेल्या पाट्या आहेत, तिथं मुंबई इलाख्याची पाटी शोधत बसले. मला वाटलं तात्यारावांचं, म्हणजे विनायक सावरकरांचं, नाव बघताहेत. तर बोट ठेवलं त्यांच्या थोरल्या भावाच्या, बाबारावांच्या नावावर. म्हणाले, हे आपल्या सांगलीत गेले, १९४५ ला, आणि आमच्या नातवंडांना ते माहीतच नाही. मुलानं फोटो काढला. एरवी मासे सोडून कशाचा काढला नव्हता.

मुलाची स्कूबा झाली. मुलीनं काचेच्या होडीतून इतकं बघितलं की तिला स्कूबाचं दुःख उरलं नाही. ७२ मिनिटांचं गणित तिनं हॉटेलातल्या प्रत्येकाला सांगितलं. चपाती सगळीकडं मिळाली, आणि नीलला तर ताजी भाजी, वांगी, दुधी, सासूबाई बाजारातून हलेनात. आलेपाकाची वडी चालली, सासऱ्यांना गोळी लागलीच नाही. नवऱ्याला दोन लागल्या.

गणपतीपेठकर

छान! आणि भडंग? चार किलो पुरलं का?

कृष्णाकाठची

नाही पुरलं, तुमचं खरं निघालं. जेट्टीवरच्या त्या पाच तासांत शेवटची पिशवी संपली. पलीकडं कोलकात्याचं एक कुटुंब होतं, त्यांनी बघितलं आणि "मुडी!" म्हणून हात पुढं केले. त्यातल्या आजींनी एक घास खाल्ला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या की आमच्या मुडीत एवढा लसूण नसतो. मग परत हात पुढं केला.